वायव्येचा सूर्य

नकाशात सूर्य वायव्येला असतो.
तीनशे पंधरा अंश, क्षितिजापासून पंचेचाळीस वर,
आणि तिथून तो हलत नाही. त्याला मावळणं नाही, ढग नाहीत.
माझ्या भाषेत अशक्याची हमी देताना
सूर्य पश्चिमेला उगवला तरी, असं म्हणतात.
वायव्येला उगवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

नारीनच्या कचेरीत हीटरला पाय टेकून
बुरुलचा याच सूर्याच्या भरवशावर काम करते.
उपग्रहाकडून उतरलेले आकडे आधी नुसती राख,
चौकोनाचौकोनात एकेक उंची:
२८४१, २८४४, २८५२.
मग एक बटण, आणि राखेतून
वाकलेल्या पाठीचे मणके दिसावेत
तशा डोंगररांगा वर येतात.
नऊ वर्षं झाली,
अजूनही त्या वेळी तिचा हात कीबोर्डवरून सुटतो.

कुरणांचा नकाशा होता.
कुणाची मेंढरं कुठल्या उतारावर, कधीपासून कधीपर्यंत.
गावातल्या शाळेच्या टेबलावर तिनं तो पसरला,
कोपरे चहाच्या पियाल्यांनी दाबले.
शार्शेनालीनं बोटानं नदी धरली,
नदीवरून ओढा, ओढ्यावरून स्वतःचा हिवाळी गोठा.
बोट थांबलं.
"इथं ऊन कुणी ठेवलं?"

हा तेस्केय, तो म्हणाला. सावलीची बाजू.
मे सरला तरी इथला बर्फ उठत नाही.
माझ्या बापानं इथं एकही मेंढी व्यायला आणली नाही.
आणि समोरचा हा, जो तू काळा करून टाकलास,
हा क्युन्ग्योय. फेब्रुवारीतच माती वाफ सोडते इथं,
कोकरं पाय फाकवून उभी राहायला शिकतात.
तू दोघांची अदलाबदल केलीस, पोरी.

ती काही बोलली नाही. खरं होतं.

रात्री कचेरीत एकटीनं सूर्य सोडवला
आणि आग्नेयेला नेऊन ठेवला, एकशे पस्तीसवर,
सकाळी दहाला तो असतो तिथं.
डोंगर बुडाले.
कडे खड्डे झाले, आणि नदी
कपाळावरच्या शिरेसारखी फुगून कण्यावरून धावू लागली.
आकडा एकही बदलला नव्हता.
डोळ्याला दिवा डावीकडे वरच लागतो;
का, ते कुणी नीट सांगत नाही.
लिहिणाऱ्याचा दिवा डावीकडे असायचा म्हणून, म्हणतात.
खोटं ऊन ठेवलं की डोंगर खरे,
खरं ऊन ठेवलं की डोंगर विहिरी.

तरी तिनं तो छापला. हट्टानं म्हणा,
किंवा म्हाताऱ्याला दाखवायला, की बघा आता.

शार्शेनालीनं पाहिलं आणि हसला.
"माझा गोठा खड्ड्यात घातलास."
बाकीचेही वाकले, कुणी मान तिरकी केली,
कुणी नानचा तुकडा मोडत म्हणालं, सरकारी काम.
टेबलाच्या पलीकडून बात्माकान चहा ओतत होती.
तिची किटली हवेतच राहिली.
"काय बोलताय? बरोबर तर आहे.
ही आमची खिंड. हे तिचं सकाळचं ऊन."

एकेक जण उठून तिच्या बाजूला गेला.
शेवटी बुरुलचा.
दक्षिण वर, उत्तर पायाशी, सगळी नावं उलटी,
आणि डोंगर
जागच्या जागी उभे, उन्हाच्या अंगानं उजळलेले.
कुणीतरी पियाल्याला धक्का दिला; चहा खिंडीतून वाहिला,
योग्य दिशेनं, असं शार्शेनालीनं शपथेवर सांगितलं.

नारीनला उत्तरेचा बाण वर असलेलीच प्रत चालते.
ती तिनं दिली, वायव्येच्या सूर्यासकट.
दुसरी शाळेच्या भिंतीवर आहे, उलटी.
नावं वाचायची गरज तिथं कुणालाच पडत नाही.
सप्टेंबरात नवा मास्तर येतो,
जीभ चुकचुकत खुर्चीवर चढतो, नकाशा सुलटा करतो.
दुपारच्या सुट्टीपर्यंत
कुणीतरी तो पुन्हा फिरवून ठेवलेला असतो.